ताम्हणावरून परतलेला किरण

जबाब, दि. ०४/०३/२०२५

मी महिपत सोनू रहाटे, वय ४९ वर्षे, धंदा शेती, राहणार वरचीवाडी, देवरूखजवळ, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी. पोलीस ठाण्यात समक्ष येऊन, विचारल्यावरून सांगतो की,

दि. २६/०१/२०२५ रोजी सकाळी आठच्या सुमारास पूजा उरकून मी पडवीत माझे लेसरचे कोरीवकाम यंत्र सुरू केले. ते मी हौसेखातर घेतले आहे. हेदवीच्या माघी उत्सवात देण्यासाठी फणसाच्या फळीवर गणपती कोरत होतो. देवाची फळी यंत्राच्या लोखंडी तळावर नको म्हणून खाली पितळी ताम्हण पालथे ठेवले होते.

देवाचे डोळे उमटण्याची वेळ आली. देवाला रंगीत काचेतून पाहणे मला बरे वाटले नाही. मी संरक्षक चष्मा काढला व यंत्राची नारिंगी काचही बाजूला ठेवली. घरात चष्मा एकच होता. त्याच वेळी माझ्या थोरल्या भावाची पत्नी विमला, वय ५६ वर्षे, चहा घेऊन आली. "महिपता, चाय निवतेय," असे ती म्हणाली. मी वळलो, हात लागून फळी सरकली आणि किरण ताम्हणावर पडून तिच्याकडे परतला. तिने उजवा डोळा मिटला. कप पडू दिला नाही.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याला भाजल्याचे सांगितले. नजर किती परत येईल ते सांगता येत नाही, म्हणाले. दवाखान्यातून खबर मिळाल्याने हवालदार घरी आले, तेव्हा वहिनी त्यांना म्हणाली, "ह्याला आत टाकलात तर माझ्या डोळ्यात थेंब तुम्ही येऊन घालणार काय?" तिने तक्रार दिली नाही, पण दवाखान्याच्या खबरेवरची चौकशी बाकी होती, त्यासाठी आज मला बोलावले. थेंब मी दिवसातून तीन वेळा घातले. त्या सकाळबद्दल तिने मला एकदाही विचारले नाही.

डॉक्टरांनी चौकटींचा कागद दिला होता. रोज डावा डोळा झाकून ती तो पाही. मधल्या चौकटी तिला दिसत नसत. दि. ०२/०३/२०२५ रोजी ती म्हणाली, "सगळ्या रेघा हायत. एकच जरा वाकडी." मी नवस बोललो नव्हतो, तरी देवळात जाऊन आलो. काल डॉक्टरांनीही नजर वाचल्याचे सांगितले.

यंत्र माळ्यावर होते. ओळखीच्या एकाने विकत मागितले. त्याच्याही घरी माणसे आहेत, म्हणून दिले नाही. आज सकाळी ते तालुक्यातील एका तंत्रशिक्षण वर्गाला देऊन आलो. तिथे अशी यंत्रे बंद पेटीत चालवतात आणि खोलीतल्या प्रत्येकाला चष्मा असतो. यंत्रावर मी स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला आहे: चूक काय झाली, कोणी केली, डोळा कोणाचा होता. खाली माझे नाव घातले आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो उतरला आहे व खरा आहे.