आर्थरसरांचे कान

तोंडावर बोलायची माझी सवय बहारीनच्या राजधानीत, मनामात, एकदा चांगलीच अंगाशी आली. आमच्या चर्चच्या क्वायरला, म्हणजे गाणाऱ्यांच्या गटाला, एक म्हातारे ब्रिटिश संगीतकार शिकवायचे, आर्थरसर. उभं आयुष्य लंडनमध्ये नाटकांना संगीत देण्यात गेलेलं. मुलीकडे बहारीनला राहायला आले आणि आमच्यासाठी नवं गाणं लिहिलं. तालमीत वरच्या पट्टीतल्या बायका सरळ बेसूर गेल्या, आणि हे म्हणाले, "सुंदर!"

मी उभी राहिले. "सर, वरचा सूर चुकला."

"पन्नास वर्षं हेच करतोय मी!" ते कडाडले.

चहाच्या वेळी मात्र हळूच जवळ आले. "खरंच चुकला? मला वरचे सूर ऐकूच येत नाहीत गं. कुणाला सांगू नकोस, संगीत सोडावं लागेल मला."

"सर, मी कानाच्या दवाखान्यात नर्स आहे. उद्या सकाळी आठला यायचं. खलास, विषय संपला, नाही म्हणायचं नाही."

आले. पुढच्या तालमीला कानात मशीन लावून उभे राहिले. पहिली ओळ ऐकली आणि त्यांचे डोळे भरून आले. मग सगळ्यांना थांबवून त्यांनी थेट माझ्याकडे बोट दाखवलं.

"रोझी, तूही बेसूर गातेस."