मुकादम बदलल्याचा दोष

इंद्रजितराव : ...आन् वर तोंड करून मलाच इचारतोस, कवापास्नं! दसऱ्यापास्नं. तू सांगलीत बसून अपडेट मारलंस आन् हितं विट्यात माझ्या सर्व्हरनं अंथरूण धरलं. साडीचं एक डिझाइन उघडायचं, तर चा पिऊन व्हतो, कप धुऊन व्हतो.

मंगल : कप मी धुते, मालक.

इंद्रजितराव : तू डिझाइनं काढ.

मंगल : ती उघडत न्हाईत म्हणून धुते.

हाफिज : मालक, अपडेट कर्नेलचं होतं. कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरचा मुकादम. डिस्कवरची फाइल आणायची-ठेवायची, ती त्याच्या हुकमानं.

इंद्रजितराव : मुकादम बदलताना मला इचारलंस?

हाफिज : मेसेज केला होता. तुम्ही अंगठा पाठवलात.

इंद्रजितराव : अंगठा मी समद्यांलाच पाठवतो. कुणी मेलं तरी पाठवतो. ते ऱ्हाऊ दे. मागवाल्यांच्या ग्रुपवर मी टाकलंय, या हाफिजला मशीनला हात लावू देऊ नका म्हणून.

हाफिज : वाचलं. विट्यात माझी नऊ गिऱ्हाइकं आहेत. सकाळपासून चौघांनी फोन केला, येऊ नका म्हणून.

इंद्रजितराव : चारच? बाकीचे उठले नसतील.

हाफिज : अकरा वाजता नव्या कर्नेलवर दोनशे डिझाइनांची नक्कल काढली. अठरा मिनिटं लागली. मग जुना कर्नेल लावला. तीच डिस्क, तेच काम. सतरा मिनिटं.

इंद्रजितराव : म्हंजे जुना मुकादमबी नासवलास!

हाफिज : म्हणजे दोष मुकादमाचा नाही. डिस्कही धड आहे. मग मंगलताईंनी वही दाखवली.

इंद्रजितराव : कसली वही?

मंगल : फाइल उघडाय कवा किती वेळ लागला, त्याची. न्हाईतर तुमी म्हणला असता, मंगल झोपा काढती. ह्ये बघा, रोज एक ते दोन, झटक्यात उघडती. शुक्रवारी लाइट गेली, सर्व्हर इन्व्हर्टरवर. तवा दिवसभर झटक्यात.

इंद्रजितराव : लाइट गेल्यावर पळतंय? वा रं इंजिनियर!

हाफिज : मालक, एक ते दोन काय बंद असतं?

इंद्रजितराव : जेवणाची सुट्टी. माग बंद असत्यात.

हाफिज : आणि सर्व्हर कुठं ठेवलाय, ते बघा.

मंगल : मागाच्या फळीवर. बारा माग धडधडत्यात, त्याच्यासंगं ह्योबी नाचतोय.

हाफिज : आत तबकडी फिरत असते. हादरा बसला की तिच्यावरची सुई जागा चुकते, परत शोधत बसते. मी लावला तेव्हा तो ऑफिसात, भिंतीतल्या कोनाड्यात होता. आजवर फोनवरच तपासलं, ही चूक माझी. पण तो इथं आणला कुणी?

इंद्रजितराव : आणला आसंल कुणीतरी.

मंगल : खंडेनवमीला हत्यारं पुजायची व्हती. मालक म्हणले, दोन खोल्यांला दोन नारळ कशाला, समदं एका जागी आणा. आणलं. खोबरं वाटलं. सर्व्हर हितंच.

इंद्रजितराव : पुजेतली वस्तू लगीच हलवत न्हाईत.

मंगल : कात्र्या संध्याकाळीच जाग्यावर गेल्या, मालक.

(सर्व्हर ऑफिसातल्या कोनाड्यात परत जातो. माग चालूच.)

हाफिज : नवा कर्नेल. तीच दोनशे डिझाइनं. पन्नास सेकंद.

इंद्रजितराव : मी म्हणतच हुतो, जागेचा दोष हाय. चा घेणार?

हाफिज : चहा नको. ग्रुपवर लिहा.

इंद्रजितराव : काय लिव्हू?

हाफिज : जे झालं ते. सर्व्हर कुणी हलवला ते.

इंद्रजितराव : एवढं लांबलचक कोण वाचतंय, गड्या?

मंगल : पयलं लांबलचक समद्यांनी वाचलं की.

इंद्रजितराव : बरं बरं. ...घ्या. टाकलं. आता तरी तोंड सरळ कर.

मंगल : काय लिव्हलंय, हाफिजभाई?

हाफिज : माझ्यावरच्या त्याच मेसेजखाली, अंगठा.