बेचाळीस रुमाल

निवृत्ती : आगं, बोर्डावर नाव लागाया नशीब लागतंय! चोवीस वर्षं झाली ही लॅब सांभाळून राहिलो, माझं एकदा बी लागलं न्हाई.

लुंबिनी : मामा, हसू नका. सात दिवस चालणारं काम लावलं होतं मी लॅबच्या मोठ्या कॉम्प्युटरवर. पाचव्या दिवशी मधेच मारलं. खातं बंद. वर नोटीस, ‘सामायिक मशीनचा गैरवापर’. चार दिवस मी मुरुडला होते, आईच्या पायाचं ऑपरेशन होतं. गैरवापर केला कधी मी?

निवृत्ती : बेचाळीस रुमाल टाकलीस की.

लुंबिनी : कसले रुमाल?

निवृत्ती : निलंग्याच्या स्टँडवर यष्टी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकतेत का न्हाई? माणूस खाली चहा पिऊन राहिला, सीट वर त्याची. हितं बी तसंच. चाळीस जणांत एक मोठं मशीन. मग हुशार लोक काय करतेत, आत काहीच नसलेलं रिकामं काम टाकून ठेवतेत. ते नुसतं जागा धरून झोपतंय. आपलं खरं काम तयार झालं की रुमाल उचलायचा अन् बसायचं.

लुंबिनी : मी नाही टाकले.

निवृत्ती : तुझ्या खात्यावरून बेचाळीस. सोमवारी दुपारी मशीन गच्च, सगळे बोंबलून राहिले. आपल्या हेड उज्वला मॅडम म्हणल्या, त्या खात्याचं असंल तेवढं काढा. त्यात तुझं खरं बी गेलं.

लुंबिनी : परवा शुक्रवारी पीएच.डी.च्या कमिटीपुढं निकाल ठेवायचाय मला. किल्लारीकडच्या तीनशे विहिरींचं तीस वर्षांचं पाणी आहे त्यात. नाही ठेवला तर सहा महिने मागं.

निवृत्ती : पासवर्ड कुणाला दिलतीस? माझ्यासमोर तर चार वर्षं टाकून राहिलीस, मी कधी बघितला न्हाई.

लुंबिनी : कुणालाच नाही.

निवृत्ती : कुणालाच?

लुंबिनी : सुदर्शनला फक्त. काम चालू आहे का, तेवढं बघ म्हणून. पण तो तसला नाही हो. एम.एस्सी.पासून एका डब्यात जेवतो आम्ही.

निवृत्ती : बस हितं. खोकलू बी नको.

(तो फोन स्पीकरवर लावतो.)

सुदर्शन : बोला मामा! नांदेडात आहे मी, मावशीकडं.

निवृत्ती : आरं, मॅडम वार्षिक अहवाल करून राहिल्या. मशीन सगळ्यात जास्त कुणी चालवलं त्याचा फोटो पहिल्या पानावर. लुंबिनी वर आली बघ. एका दिवसात बेचाळीस कामं! शिपाई शरणप्पाला हार आणाया धाडलाय. तुझी तीनच हायेत बाबा.

सुदर्शन : लुंबिनी? मामा, तिचं तर एकच काम होतं!

निवृत्ती : खातं तिचंच दिसतंय की.

सुदर्शन : खातं असू द्या तिचं, कामं माझी आहेत. माझी लिमिट संपली होती. म्हणजे, रुमाल होते ते. पण टाकले मीच ना?

निवृत्ती : मशीनीला काय कळतंय, रुमाल का काम. मग फोटो तुझा लावू म्हणतोस?

सुदर्शन : लावा की! पांढऱ्या शर्टातला पाठवतो.

लुंबिनी : निळ्या शर्टातला पाठव. त्यात बरा दिसतोस.

सुदर्शन : ...लुंबिनी? अगं, तू कधी आलीस?

लुंबिनी : आत्ता. बोर्ड वाचून आले.

सुदर्शन : ऐक ना. माझंही शुक्रवारीच आहे. दुसरं कोण मधी घुसू नये म्हणून टाकले. सोमवारी सकाळी माझं झालं आणि रुमाल उचलायचे राहून गेले. आईशप्पथ, मुद्दाम नाही.

लुंबिनी : काल दुपारी तीनला मी दवाखान्यातून फोन केला होता.

सुदर्शन : हाव.

लुंबिनी : काय म्हणालास?

सुदर्शन : आठवत नाही नीट.

लुंबिनी : ‘मस्त चालू आहे, तू आईला सांभाळ.’ सोमवारी मेलं होतं ते.

सुदर्शन : तू तिकडं टेन्शनमध्ये होतीस. म्हटलं, कशाला अजून...

लुंबिनी : कमिटीकडं तारीख वाढवून मागायची मुदत काल पाचपर्यंत होती, सुदर्शन. तुला माहीत होतं. अर्जाचा नमुना तूच दाखवला होतास मला.

निवृत्ती : घावला! सगळं रेकॉर्ड केलंय मी. चल लुंबिनी, मॅडमकडं. आता लावू ह्याचा फोटो!

सुदर्शन : वा मामा! रुमाल टाकायला शिकवलं कुणी मला? मॅडमसाठी दर सोमवारी चार-चार टाकता, ते सांगा की तिला. ठेवतो मी.

लुंबिनी : खरं आहे?

निवृत्ती : आगं, मॅडमला घाई असते. अन् पोरांना दाखवलं ते आपलं गमतीत, चहा पिता पिता.

लुंबिनी : सोमवारी बटण कुणी दाबलं?

निवृत्ती : ऑर्डर होती.

लुंबिनी : बटण, मामा.

निवृत्ती : मी.

लुंबिनी : आई पडली तेव्हा मुरुडला जायला जीप तुम्हीच बघून दिलीत. माझा नंबर आहे तुमच्याकडं. एक फोन करायचा होता.

निवृत्ती : खरं सांगू? बेचाळीस आकडा बघून मला हसू आलं. म्हणलं, ही साधी पोरगी बी शिकली एकदाची. मजा वाटली मला.

लुंबिनी : मजा.

निवृत्ती : थांब. नोटीस फाडतो. मॅडमला सगळं सांगतो, माझं बी. हे बघ, खातं उघडलं. अन् मॅडमचे चार रुमाल हायेत वर, चारी उचलतो. तुझं काम चार जागांवर पळव, शुक्रवारी सकाळी निकाल हातात. कुणाला पत्ता लागणार न्हाई.

लुंबिनी : रांगेत पहिलं कोण आहे?

निवृत्ती : पंचफुला.

लुंबिनी : तिचं कधी आहे?

निवृत्ती : ...शुक्रवारीच.

लुंबिनी : मग तिला फोन करा, जागा मोकळी झाली म्हणून. तिला तरी करा. माझा नंबर कितवा येतो?

निवृत्ती : तेवीस. दहा-बारा दिवस लागतील. शुक्रवार गेला मग, पोरी.

लुंबिनी : तेवीसवर टाका.

निवृत्ती : बरं. ये, बस. पासवर्ड टाक.

लुंबिनी : तोंड तिकडं करा, मामा.