असो म्हणायचं नाही

...आणि मला सांगतात काय, तर "काका, तुम्ही फक्त तुमचं पहिलं अपयश सांगा." पहिलं! म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्याचीही नोंद आहे यांच्याकडे! तुम्हाला सांगतो, माणसानं चांगलं काम केलं तर लोक संध्याकाळपर्यंत विसरतात, पण एकदा चारचौघांत आपटला की त्याचा वाढदिवस साजरा करतात. आज या तळघराचा वाढदिवस, कार्यक्रम काय ठेवला, तर 'आम्ही पहिल्यांदा पडलो तेव्हा'. सगळे विनोदवीर बघा कसे भिंतीला ओळीनं बसलेत, दवाखान्याबाहेर नंबर लावल्यासारखे. त्या कडेच्या आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. दिवसा लोकांना रडवतात, शनिवारी इथं येऊन हसवतात, म्हणजे हिशेब चुकता. त्यांच्याबद्दल मी जास्त बोलणार नाही, माझी एक दाढ अर्धी त्यांच्या ताब्यात आहे. असो.

बघितलंत? निसटला! तो शब्द मला इथं वापरायचा नाही. तुम्ही वापरा, डॉक्टरीणबाई वापरोत, बंदी फक्त माझ्यावर. का, ते सांगतो.

मी कारकून. हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो, आणि उभ्या नोकरीत माझी एकच ख्याती होती, ती म्हणजे विनोद. अहो, खोटं नाही सांगत, मी नुसतं "आज पंखा बंद आहे" म्हटलं तरी चार जण पोट धरून बाकावर आडवे! टंकलेखक तर डोळे पुसायचा. निरोप समारंभात साहेब म्हणाले, "यांनी नोकरीत आयुष्य वाया घालवलं, यांनी स्टेजवर जायला हवं होतं." मी ते मनावर घेतलं. नंतर लक्षात आलं, त्यांना वाक्याचा पहिला भागच म्हणायचा होता.

घरी येऊन बायकोला सांगितलं, मी आता विनोदाचे कार्यक्रम करणार. ती इस्त्री करत होती. वर न बघता म्हणाली, "अहो, ऑफिसात रजेचे अर्ज कुणाच्या सहीनं पुढं जायचे?"

"माझ्या."

"आणि ते हसणारे लोक आता फोन केला की हसतात?"

"आता... उचलत नाहीत."

"मग," म्हणाली, आणि कॉलरवर फस्सकन पाणी मारलं.

आता हे कुणी बोलावं? जिनं लग्न झाल्यापासून माझ्या एकाही विनोदाला दात दाखवलेला नाही, तिनं! डॉक्टरीणबाईंनी तिचे दात माझ्याहून जास्त पाहिलेत! बरं, हसतच नाही असं असतं तर मी म्हटलं असतं, स्वभाव आहे बिचारीचा. पण दुसऱ्यांच्या विनोदाला हसते हो! लिफ्ट दुरुस्त करायला माणूस आला, काय म्हणाला, तर "ताई, लिफ्टचा आज वर जायचा मूड नाही." एवढंच! यावर ही दाराची चौकट धरून हसली. मी आत पेपर उलटा धरून बसलो होतो. मूड नाही! हा विनोद आहे? याला काही मुद्दा आहे, काही बांधणी आहे? मी तिला डॉक्टर आणि विसरभोळ्या रोग्याचा विनोद सांगितला, चांगला घोळवून सांगितला, तर ऐकून घेते आणि विचारते, "दार लावलंत ना?"

तेव्हा ठरवलं. हिला एकदा हसवायचं. एकदाच. पण एकदम घरी हात घालायचा नाही, आधी परक्यांवर सराव करायचा, आणि हिला सांगायचं वाचनालयात चाललोय.

तर पहिला प्रयोग. याच खोलीत. वर कॉफीचं दुकान, खाली आपण. ते वरचं कॉफीचं यंत्र आहे ना, त्याच्याइतकी विनोदाची जाण मी माणसात पाहिलेली नाही! मी विनोदाच्या शेपटापाशी आलो रे आलो की वरून घुर्रर्रर्र...! माझ्या आधी एक ताडमाड तरुण बोलून गेलेला, माइकची दांडी त्याच्या मापाची. ती खाली कशी करायची मला कोण सांगणार? आणि कार्यालयातल्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, ही अंगात मुरलेली शिस्त! मी मान वर करून बोलतोय, लोकांना वाटलं छताची ओल बघायला आलेत. आणि सुरुवात काय केली ऐका, "विषय : डॉक्टर आणि विसरभोळा रोगी. संदर्भ : मागे एका मित्राने सांगितलेला." सवय हो! हात नुसता जावक क्रमांक शोधत होता!

विनोद संपला. शांतता. मागच्या बाईंनी पर्सची चेन उघडली ती मला ऐकू आली, आणि आत त्यांना जे हवं होतं ते सापडलं नाही, हेही कळलं. अशी शांतता! मग मी काय केलं? घाबरलो, आणि म्हणालो, "असो."

दुसरा विनोद... असो. तिसरा... असो!

आता हा शब्द वाईट आहे का? तुम्हाला सांगतो, मराठीत यासारखा शब्द नाही. साहेब अंगावर ओरडले, असो. बढती शेजारच्या टेबलाला गेली, असो. ज्याचं काही होण्यासारखं नाही त्याला मानानं घरी पाठवणारा शब्द आहे तो. निम्मी कार्यालयं त्याच्यावर चालतात, आणि निम्मे संसार. पण आमच्या संचालिकाबाई, त्या दिव्याच्या बटणापाशी उभ्या आहेत त्या, वयानं माझ्या धाकटीएवढ्या, त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"काका, रागावणार नाही ना? विनोद बरे होते हो. पण तुम्ही 'असो' म्हणालात की लोक चपला शोधायला लागतात."

"म्हणजे?"

"हसू ओठांपर्यंत आलेलं असतं बिचाऱ्यांचं, आणि तुम्ही खिडकी लावून म्हणता, उद्या या!"

आता हे वाक्य कारकुनाच्या वर्मी लागणार की नाही? तिथंच हुकूम निघाला. असो म्हणायचं नाही.

बरं! नाही म्हणत! दुसऱ्या खेपेला आलो, निश्चय करून आलो. आणि तुम्हाला सांगतो, तेव्हा मला कळलं की मला थांबताच येत नाही! असोशिवाय माझ्या बोलण्याला ब्रेकच नाही! डॉक्टर झाला, रोगी झाला, मग रोग्याचा भाऊ आला, भाऊ बँकेत होता, मग बँकेचं सांगितलं, बँकेसमोर केशकर्तनालय, त्या न्हाव्याचा डावा हात दुखायचा, आता तो का दुखायचा हे सांगायला नको?... समोर एक गृहस्थ होते, ते आधी पुढं झुकून ऐकत होते, मग मागं टेकले, मग बायकोच्या खांद्यावर टेकले. आणि इतक्यात मागचा तो लाल दिवा लागला-विझला, लागला-विझला. आता त्याचा अर्थ 'वेळ संपली, उतरा' असा असतो हे मला कुणी लेखी कळवलं होतं का? मी आपला जबाबदार नागरिक, गोष्ट थांबवली आणि म्हणालो, "अहो, तिकडं कुणीतरी बघा, त्या दिव्याचं कनेक्शन सैल झालंय. आग लागेल."

काय हसले हो! जागे झालेले गृहस्थसुद्धा हसले! माझ्या आयुष्यातला पहिला फुकट हशा, ज्याला रजा नको होती, आणि तो कशाला मिळाला हे मला घरी पोचेपर्यंत कळलं नाही. मी मात्र खूश होऊन पुन्हा न्हाव्याच्या हाताकडे वळलो, तेव्हा त्यांनी माइक बंद केला. मी तसाच मोठ्यानं बोललो. तेव्हा त्यांनी दिवे बंद केले. मग मात्र मी म्हणालो... नाही, नाही म्हणालो! ओठ चावला, पण नाही म्हणालो!

तर संचालिकाबाईंनी पुन्हा जिन्यात गाठलं. यांचा जिना आणि माझं नशीब! म्हणाल्या, "काका, गोष्ट संपली की तोंड मिटायचं आणि उभं राहायचं. बस. लोकांना जागा द्या थोडी."

"किती वेळ?"

"हसेपर्यंत."

"आणि नाही हसले तर?"

"तर पुन्हा आपला जिना आहेच."

आता तिसरा प्रयोग, आणि त्याच्या आधी काय झालं, तर माझी बायको दात दाखवायला गेली. कुणाकडे? या बाईंकडे! आणि यांनी तिच्या तोंडात कापूस कोंबला, नळी अडकवली आणि मग विषय काढला, "काकांचं छान चाललंय हं शनिवारी! परवा दिव्यावर काय हशा घेतला!" तोंडात कापूस असलेल्या बाईला तिच्या नवऱ्याचं गुपित सांगायचं! ती काय म्हणणार? "आँ... अँ...?" यांना वाटलं, दुखतंय. इंजेक्शन वाढवलं.

घरी आली ती अर्ध्या तोंडानं म्हणाली, "शनिवारी मीही येते. वाचनालयात."

आता माझी अवस्था लक्षात घ्या. जिच्यासाठी सराव करायचा होता, ती सराव पुरा व्हायच्या आतच परीक्षेला हजर! पिशवी मांडीवर घेऊन बसली, जणू डबा परत न्यायला आलीय. मी ठरवलं, आज हुकमी एक्का काढायचा. माझ्या आयुष्यातला खराखुरा प्रसंग. मी दमूनभागून घरी येतो, चुकून वरच्या मजल्यावरच्या घरात शिरतो, दार उघडंच, बूट काढतो, कोचावर पडतो, आतून भांड्यांचा आवाज येतो, मी ओरडतो, "चहा टाक गं!", आतली बाई मुकाट्यानं चहा आणून देते कारण तिला वाटतं, हा आपल्या नवऱ्याचा कुणी मित्र, मी चहा पितो, पेपर वाचतो, शब्दकोडं सोडवतो, आणि मग तिचा नवरा येतो आणि मी त्याला विचारतो, "आपण कोण?"

झालं. तोंड मिटलं. उभा राहिलो. जागा दिली.

आणि त्या जागेतून आवाज आला, "कॉफी होती."

आमची ही! पिशवी धरून! संसारात एवढी वर्षं माझी गोष्ट संपली की मी 'असो' म्हणून पुढं सटकायचो, हिला मधे शिरायला फटच नव्हती, ती त्या दिवशी पहिल्यांदा मिळाली! मी म्हणालो, "अगं, चहा होता."

"कॉफी. आणि वरचा मजला नाही, शेजारची इमारत."

लोक खुसखुसायला लागले. मी म्हणालो, "प्रसंग माझा आहे का तुझा? मला माहीत नसेल? मी गेलो होतो!"

"तुम्ही कुठं गेला होतात? गेला होता माझा भाऊ."

अहो, छप्पर उडालं! वरचं यंत्र चालू होतं म्हणे, कुणाला ऐकू आलं नाही! मागच्या खेपेचे ते झोपाळू गृहस्थ बायकोच्या खांद्यावरून घसरले. आणि मी? मी आठवायला लागलो... आणि तुम्हाला सांगतो, खरंच की! मेव्हणाच तो! माझं लग्न नवं असताना त्यानं सांगितलेली गोष्ट, मी इतकी वर्षं इतक्या लोकांना सांगितली, की मला त्या कोचाचं हिरवं कापड आठवत होतं! माझ्या पाठीला टोचत होतं ते! त्या बाईचा चेहरा डोळ्यांपुढं होता, मी मनातून तिची जरा माफीही मागत असे, आणि मी त्या घरात गेलोच नव्हतो! बोलायला गेलो, शब्द नाही. आ वासून उभा.

आणि ती हसली.

साधीसुधी नाही. पिशवी तोंडावर धरून, खांदे हलवत, शेजारणीच्या हातावर हात मारून. लिफ्टवाल्याला मिळालं नव्हतं इतकं! मी बघत राहिलो. टाळ्या-बिळ्या चालल्या असतील, मला काही माहीत नाही. घरी येऊन कुलूप उघडताना मी विचारलं, "काय गं, नक्की कुठल्या विनोदाला हसलीस?"

"विनोद कुठला? तुमचा चेहरा बघितला असतात तर! तोंड उघडं आणि आवाज बंद. असं कधी बघितलं नव्हतं हो."

"आणि त्याआधी मी बोलत होतो ते?"

"ते होय? मला वाटलं, माइक तपासताय."

तर असं आहे मंडळी. संचालिकाबाई आता फोनवर मला विचारत नाहीत 'काका येणार का', विचारतात 'काकू येणार का'. मी वाक्य म्हणायचं, तिनं खोडायचं, लोकांनी हसायचं. दुरुस्तीसह मंजूर! कारकुनाला यात नवं ते काय? पण मला विचाराल तर माझं काम झालं. लग्न झाल्यापासून जे जमलं नाही ते त्या तिसऱ्या प्रयोगात जमलं, ती माझ्यामुळं हसली, आणि हे आता कुणी माझ्याकडून...

काय? काय म्हणालीस? ...मोठ्यानं बोल, खांबामागून ऐकू येत नाही... काय?

ही म्हणते, ती हसली नव्हती. ठसका लागला होता.

हसा! हसा तुम्ही! बरं बाई, ठसका तर ठसका. दुरुस्ती मान्य... आणि हे आत्ता काय चाललंय पदराआड? बघा, बघा, परत लागला! ...अहो, तुम्ही, पुढच्या रांगेतले, बाटली खाली ठेवा. कुणीही तिला पाणी देऊ नका.