डालग्यातलं पाखरू

खालापूरला गुरांच्या दवाखान्यात माझ्यापुढं एक जोडपं बसलं होतं. दोघांच्या मधे बांबूचं डालगं, वरून टॉवेल बांधलेला.

"अवो, शिकराच हाय ना ह्यो?"

"शिकराच. तीच राखाडी पाठ, तेच शेपटीवरचे पट्टे. फणसावर बसून कोंबडीच्या पिलांवर डोळा ठेवून व्हता. म्हनून तर बेचकीनं दगड मारला."

"मंग आत्याबाई पावशा का म्हनतात?"

"आईला दिसतंय कुटं आता."

"पाऊस बोलावनारं पाखरू पाडलं, म्हनून सकाळपासून जेवल्या नायत त्या."

"म्हनून तर आनलाय ना हितं."

"चोच बगा. शिकऱ्याची आकड्यावानी असते."

"जरा वाकडी हाय. जरा सरळ बी हाय."

"मंग पाय बगा. शिकऱ्याची नखं लई मोठी."

"तू बग."

"मी नाय हात घालत."

"थांब, टॉवेल उचलतो जरा. पाय बारीक हायत गं. दोन बोटं पुढं, दोन मागं."

"मंजी पावशाच."

"पावशाच. पंखाला लागलंय नुसतं, डॉक्टर बांधतील. तू घाबरू नको."

"ह्याचं नाय ओ. रोज पिलं न्हेनारा शिकरा मंग तितंच हाय अजून."

"असू दे. निघताना पिलं झाकलीस ना?"

"कशाखाली झाकू? डालगं तर हितं हाय."