मनिषाच्या गाण्यातला डास

रत्नागिरी स्टँडवर राजापूरच्या गाडीसाठी निवृत्त तलाठी गोवेकर रांगेत उभे होते. पुढची बाई आपल्याच मांडीवर थाप मारी, मग बोटं मोजी, पुन्हा थाप मारी. गोवेकरांच्या नजरेतून असलं काही सुटत नसे. पण विचारलं तिच्या सोबतिणीनं.

"गो बकुळे, डास चावतायत काय?"

"डासाचं नाव काढू नको, शेवंते. त्याच्यापायी लेकीनं माझ्याशी बोलणं टाकलंन."

"मनिषानं? मद्रासला कर्नाटकी गाणं शिकली ती?"

"तीच. म्हावरं विकून शिकवली. इथं तिचं पहिलं गाणं झालं, तेव्हा मी अगदी पुढं बसलेली. बघते तर पोरगी गाता गाता मांडीवर फटाफट हात मारतेय. म्हटलं, डासांनी खाल्लं हिला. उठले, नि डासांची उदबत्ती पेटवून तिच्या नाकासमोर ठेवली."

"बरं केलंस."

"कसलं बरं? धुरानं खोकून खोकून गाणं बंद पडलं. त्यांच्यात गाणारा आपणच हातानं ताल धरतो, हे मला कोण सांगणार?"

"मग आज कसं बोलावलंन?"

"अट घातलीन. राजापुरात पुढं बसायचं तर गाणंभर ताल धरायचा. चुकले तर मागच्या खुर्चीत. म्हणून घोकतेय. थाप आली की सम, मग करंगळीपासून बोटं."

"आणि खरंच डास चावला तर?"

गोवेकर जरा पुढं सरकले. बकुळाबाईंचा हात थांबला नाही.

"समेवर मारीन."