पाइप उद्या आणतो

मी खाली सही करणारी, वय ४१, धंदा घरगुती शिवणकाम, राहणार गोदामांच्या रस्त्यावरील तळमजल्याचे घर, आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझे पती व सासरे असे तिघे राहत होतो. पती शीतगृहात सुपरवायझर आहेत. सासरे निवृत्त बसचालक होते. नणंद देशाच्या पार दुसऱ्या टोकाला असते. तिला मूल झाले. डॉक्टरांनी सासऱ्यांना विमानाची मनाई केली होती, म्हणून भर थंडीत गाडीने जायचे ठरले. चार दिवसांचा रस्ता, मध्ये बर्फाचा घाट. "नातू रांगायला लागायच्या आत पोचलो पाहिजे," असे सासरे म्हणत.

पतीने जुनी व्हॅन घेतली. मागची सीट काढून फळ्यांचा पलंग केला. पडदे मी शिवले. फावडे, ब्लँकेट, पाण्याचे कॅन भरून झाले होते. सासरे रोज त्या पलंगावर जाऊन बसत आणि मला हाक मारत, "कंडक्टर, डबल बेल द्या!" मी घरातून "टण टण" म्हणायचे.

रात्री गाडीत झोपायचे म्हणून डिझेलवर चालणारा हीटर बसवायचा होता. ते काम माझ्या थोरल्या भावाने केले. तो वेल्डर आहे. शनिवारी संध्याकाळी त्याने हीटर बसवला, पंखा फिरतो का पाहिले. धूर बाहेर नेणारा पाइप आखूड पडला. तो पतीला म्हणाला, "भावोजी, पाइप उद्या आणतो. तोवर पेटवू नका, सगळा धूर आत येईल." पती म्हणाले, "अरे, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" तेव्हा टॉर्च माझ्या हातात होता. दोघांची तोंडे मला दिसत होती.

हीटरची तार भावाने जोडलेलीच ठेवली. ती का काढली नाही हे त्याला विचारावे.

रविवारी सकाळी फार गारठा होता. सासरे पलंगावर पडून पाहतो म्हणाले. पती त्यांना घेऊन गाडीकडे गेले. मी स्वयंपाकघरात होते. थोड्या वेळाने पती खिडकीशी येऊन म्हणाले, "बाबा मस्त पडलेत. मी बर्फासाठी टायरच्या साखळ्या घेऊन येतो." हीटर चालू आहे हे ते बोलले नाहीत.

मी चहा घेऊन गेले. काचांवर वाफ धरली होती. हाक मारली, काच वाजवली. दार उघडले तर गरम हवा आणि धूर तोंडावर आला. सासऱ्यांनी ब्लँकेट हनुवटीपर्यंत ओढून घेतले होते. मी त्यांना पाय धरून बाहेर ओढले. त्यात त्यांचे डोके फळीला लागले. डोक्यामागची जखम त्याची आहे. दवाखान्यात पोचण्याआधीच ते गेले होते. जबाबात अंमलदारांनी 'मयत' लिहिले होते. ते मी बदलायला लावले.

त्यांना निरोप देऊन आल्यावर पती मला म्हणाले, "तुझ्या दादानं पेटवा म्हटलं होतं, असं सांग."

मी म्हटले, "तो असं म्हणाला नव्हता."

"मला माहितीये गं. पण बहिणीला मी काय तोंड दाखवू?"

मग ते न्हाणीघरात गेले. नळ बराच वेळ चालू होता.

काल भाऊ घरी आला. म्हणाला, "चिमे, माझं नाव घाल. माझ्या मागे रडायला कोण आहे? तुला त्याच घरात राहायचंय." मी त्याला ताट वाढले. तो जेवला नाही.

माझ्या आधी त्या दोघांचे जबाब झाले आहेत. ते तंतोतंत जुळतात असे मला अंमलदारांनी सांगितले आणि माझा वेगळा कसा, असे विचारले. नवऱ्याशी भांडण आहे का, असेही विचारले. भांडण नाही. दोघांपैकी कोणाबद्दलही माझ्या मनात राग आहे की नाही, ते मला आज सांगता येत नाही. पतीला बाबांना थंडी वाजू द्यायची नव्हती, एवढे मला पक्के माहीत आहे.

नणंदेचा फोन येतो. "वहिनी, नेमकं झालं काय?" असे ती विचारते. मी अजून उत्तर दिलेले नाही. खोटे एकदा सांगितले तर तिला जन्मभर तेच सांगत राहावे लागेल. तेवढी माझी ताकद नाही.

पाइप नसताना हीटर पेटवू नये हे माझ्या पतीला माझ्यासमोर सांगितले होते आणि त्यांनी ते ऐकले होते. यावर कोणाचे कितीही दडपण आले तरी मी शब्द फिरवणार नाही.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितल्याप्रमाणे तो बरोबर उतरला आहे, म्हणून खाली सही करते. पती आणि भाऊ बाहेर एकाच बाकावर बसले आहेत. मी काय सांगितले ते त्यांना इतर कोणी सांगू नये, ही विनंती. मी बाहेर जाऊन स्वतः सांगते.